तिसऱ्या रविवारचं वजन

आत्या, काल तुझा तेरावा झाला आणि मी अजून नीट रडलेले नाही. बायका माझ्याकडे बघून आपसात म्हणतात, पोरीला धक्का बसलाय. धक्का वगैरे नाही. मी चिडलेय, आणि तुझ्यावरच चिडलेय. गेलेल्या माणसावर चिडू नये हे मला कळतं. पण तू जे केलंस ते तू गेल्यावर मला कळलं, म्हणजे चिडायला दुसरी वेळच तू माझ्यासाठी ठेवली नाहीस.

कुठून सुरुवात करावी ते समजत नाही. कॉलेजातले सर म्हणतात, आधी विषय मांडावा. विषय ससे.

फुलं आणि भाजी करणाऱ्या आपल्या घरांमध्ये मटणासाठी ससे पाळणारी तू एकटीच. विहिरीशेजारी पत्र्याची शेड, तिच्यात पिंजऱ्यांच्या दोन रांगा. भावकीतले लोक तुला पाठीमागे 'सशीण' म्हणायचे. ते तुझ्या कानावर आलं तेव्हा तू म्हणालीस, "म्हणू द्या. सशीण वरसातून किती वेळा वीते, ठाव हाय का त्यांना? त्यांच्या गाईला इचारा म्हणावं." स्वतः मात्र तू सशाचा तुकडा कधी तोंडात घातला नाहीस. गिऱ्हाईक यायचं त्या दिवशी पिंजऱ्याची कडी तुझा मुलगा, सुनीलदादा काढायचा आणि तू शेवंती तोडायला निघून जायचीस. किती ससे गेले ते दादाही त्या दिवशी तुला सांगायचा नाही.

तुझा भाऊ, म्हणजे आमचे अण्णा मला सायखेड्याहून तुझ्याकडे कॉलेजसाठी सोडून गेले, तेव्हा मी पहिल्याच दिवशी ससा कानाला धरून उचलला. तू माझा कान धरलास. जोरात नाही, पण धरलास. "लागतंय ना? मग त्याला न्हाय लागत?" मग मानेची कातडी एका हातात आणि बूड दुसऱ्या हातात, असं दाखवलंस. माझं कॉलेजचं शिक्षण तिथून सुरू झालं, असं मी मैत्रिणींना गमतीने सांगायचे.

आणि तो प्रवेशाचा अर्ज. त्यात पालकाचं शिक्षण विचारलेलं होतं. इथे तूच माझी पालक, म्हणून तुझं नाव घातलं आणि पुढचा रकाना मी मोकळा सोडला. बाकीच्या मुलींचे अर्ज मी पाहिले होते. तू अर्ज हातात घेतलास, एकेक अक्षर लावत वाचलास आणि म्हणालीस, "हितं काय लिहायचं असतं?" मी काहीतरी पुटपुटले. तू म्हणालीस, "लिही, चौथी पास. रकाना मोकळा सोडू नको. मोकळा रकाना बघितला की लोकांना वाटतं, काहीतरी लपवलंय."

हे तू मला शिकवलंस, आत्या. तूच. म्हणून जास्त राग येतो.

तुझ्या सशांना दुकानातली गोळी पेंड कधी मिळाली नाही. बांधावर तू तुती, शेवगा, सुबाभूळ लावत गेलीस, दर पावसाळ्यात चार-पाच फांद्या खोचून, वर्षानुवर्षं. त्या कुंपणाचा पाला, थोडा लसूणघास, भाजीतून उरलेली गाजराची पानं, यावर सगळी शेड चालायची. पाला सकाळी तोडून सावलीत मलूल होऊ द्यायचा, ओला कधी घालायचा नाही, सुबाभूळ मूठभराच्या वर नाही. कांद्याची पात शेडच्या आसपासही आणायची नाही. नवा कुठला पाला असला की आधी तू स्वतः चघळायचीस आणि मग तो कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या नराला द्यायचीस. त्याचं नाव तू सरपंच ठेवलं होतंस. सरपंचाने खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं पोट ठीक राहिलं, की मग गावाने खायचं. एकदा दादाने निफाडहून येताना छाटणीतला द्राक्षाचा पाला आणला, टेम्पो भरून, फुकट मिळतो म्हणून. तू विचारलंस, त्यावर शेवटचा फवारा कधी मारलाय? दादाला सांगता आलं नाही. "फुकटचाय ना? मग पहिला घास तू खा," म्हणालीस, आणि सगळा टेम्पो खड्ड्यात रिकामा करायला लावलास.

हे सगळं मी दोन वर्षं बघत होते. आणि तरी तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्टचा विषय ठरवताना मी घरी येऊन तुला मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं, 'मांसासाठीच्या सशांच्या आहारात पर्यायी वनस्पतींचा वापर'. तू हसलीस. "पर्यायी? पाला कवापासून पर्यायी झाला गं? ससा आधीपासून पालाच खातोय. पर्यायी तर तुझी गोळी."

मी चिडले. मला तेव्हा वाटायचं, पुस्तकात आहे ते तू मान्य केलं पाहिजेस. मी म्हटलं, गोळीत सगळं मोजून घातलेलं असतं, पाल्यात काय आहे ते तुला तरी माहीत आहे का? तू म्हणालीस, मला नाही, सरपंचाला माहीत आहे. असं दोन दिवस चाललं. शेवटी वहिनी कंटाळून म्हणाली, तुम्ही दोघी भांडता कशाला, सहा-सहा ससे वाटून घ्या आणि बघा.

तसंच केलं. एकाच आठवड्यात व्यालेल्या माद्यांची बारा पिल्लं घेतली, दूध तुटलेली. सहा तुझ्या पाल्यावर, सहा माझ्या गोळीवर. जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून तू पिंजऱ्यांना बांधल्यास, हिरवी तुझी, पिवळी माझी. दर रविवारी भाजीच्या काट्याला पाटी लटकवून वजन करायचं, मी वही घेऊन उभी, तू ससा धरणार. आठ रविवार.

पहिल्या रविवारी बरोबरी झाली. दुसऱ्या रविवारी तुझे ससे पुढे होते. फार नाही, पण सहाच्या सहा. मी काटा दोनदा तपासला. तू पदराने तोंड झाकून हसत होतीस, आणि मग एकदम हसायची थांबलीस आणि विचारलंस, "तुझे हरले तर सर काय करतील गं?"

मी वैतागलेली होते. मी म्हटलं, "काय करतील? नापास."

बस, एवढंच. एक शब्द. मला त्यातून काही म्हणायचंच नव्हतं. तू ससा उचलून पिंजऱ्यात ठेवलास. मला वाटलं, तू ऐकलंसुद्धा नाहीस.

तिसऱ्या रविवारी तुझे ससे मागे पडले. चौथ्या रविवारी आणखी मागे. मला किती आनंद झाला होता ते आठवलं की आता स्वतःची किळस येते. तू म्हणालीस, "चला, तुमचं शास्त्र खरं निघालं." मी तुझ्या गळ्यात पडले. आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास, आत्या. त्या हाताने आठवडाभर दुपारचं काय करत होतीस ते तुला माहीत होतं आणि मला नव्हतं.

पण खरंच नव्हतं का? पाचव्या आठवड्यात पिवळ्या चिंधीच्या पिंजऱ्याखाली मला तुतीच्या काड्या दिसल्या. सोललेल्या, पानं खाऊन संपलेल्या. गोळीच्या सशांच्या पिंजऱ्याखाली. मी तुला विचारलं. तू म्हणालीस, झाडताना तिकडं गेल्या असतील. माझ्या वहीत वजनाच्या शेजारी 'निरीक्षण' असा रकाना होता. त्यात मी त्या दिवशी काही लिहिलं नाही. मोकळा सोडला. तुझ्याच घरात, तुझ्याच डोळ्यांसमोर.

सरांनी आलेख बघून विचारलंच होतं, ही रेघ तिसऱ्या आठवड्यात अशी एकदम का वाकली? मी 'हवामानातील बदल' असं लिहून दिलं. हवामानात काही बदल नव्हता. त्याच शेडमध्ये दोन हातांवर दुसरे सहा ससे त्याच हवेत गुबगुबीत होत होते.

मार्क पडल्यावर प्रोजेक्टची फाईल घरी आणली, तिला तू हळदकुंकू लावलंस. मग ओट्यावर बसून म्हणालीस, वाच. मी निष्कर्ष वाचला. 'पर्यायी वनस्पतीजन्य आहारावरील सशांची वाढ गोळी खाद्याच्या तुलनेत लक्षणीय कमी आढळली.' तू विचारलंस, लक्षणीय म्हणजे? मी सांगितलं, नजरेत भरण्याइतकी. तू बांधाकडे बघितलंस. मग म्हणालीस, "छान लिवलंय." दादा दारात उभा राहून ऐकत होता.

आत्या, तू तेव्हा बोलायला हवं होतंस. फाईल दिली होती, मार्क पडले होते, माझं काहीही बिघडणार नव्हतं. तेव्हा एकदा तोंड उघडलं असतंस तर आपण दोघी भांडलो असतो, चार दिवस बोललो नसतो, आणि ते कुंपण वाचलं असतं.

कारण दोन महिन्यांनी दादाने ते तोडलं. बांधाला लागून गुलाबासाठी शेडनेट घालायचं त्याच्या डोक्यात होतंच. मी परीक्षेहून परत आले तर सगळी तुती, सगळा शेवगा आडवा पडलेला, नुसती गुडघाभर खोडं उभी. तू तोडलेल्या फांद्यांमध्ये बसून पाला ओरबाडत होतीस, शेडसाठी. दादा म्हणाला, आता शेड गोळीवरच चालवायची, कॉलेजच्या पोरीने सिद्ध केलंय. तू मान वर केली नाहीस. आणि मी, मी तुझ्याजवळ बसून तुझी समजूत घातली. शास्त्रापुढे भावना चालत नाही, असं म्हणाले मी तुला. तू "हां" म्हणालीस आणि पुढची फांदी ओढलीस.

तू मला तिथेच एक थोबाडीत द्यायला हवी होतीस.

मग तू गेलीस. त्या दुखण्याचं सगळ्यांना ठाऊक आहे, मी ते लिहीत नाही.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर दहा-बारा बसले होते, पण एकही खाली येईना. दादाने हात जोडून सांगितलं, सशांची शेड मोडणार नाही. अण्णांनी सांगितलं, पोरीचं शिक्षण पुरं करीन. कोणीतरी म्हणालं, नातवाचं नाव घ्या, कोणी म्हणालं, तिचे दागिने सुनेला द्यायचे म्हणा. उन्हात सगळे उभे, आणि जो तो तुझी शेवटची इच्छा ओळखत होता. मला ते बघवेना. तेवढ्यात वहिनीने माझा हात धरला आणि मला पायऱ्यांच्या कडेला नेलं.

ती म्हणाली, "त्यांचं मन कशात अडकलंय ते मला ठाव हाय. मला शपथ घातली होती त्यांनी, म्हणून बोलले नाय."

मग तिने सांगितलं. मी कॉलेजला गेले की तू दुपारी तुती आणि शेवगा माझ्या पिवळ्या पिंजऱ्यांत घालायचीस, गोळीच्या वर. आणि तुझ्या हिरव्या पिंजऱ्यांत वाळकं गवत आणि फ्लॉवरची जून पानं. तिसऱ्या आठवड्यापासून शेवटपर्यंत रोज. वहिनीने तुला विचारलं होतं, आत्याबाई, हे काय करता? तू तिला म्हणालीस, "पोरीची बाजू हरली तर तिचं वरीस जाईल. आपल्या घरातनं पहिलीच गेलीय ती. माझे ससे हरले तर मला कोण नापास करणार हाय?"

आत्या, प्रयोग हरत नसतो. हे मी तुला आठ रविवारांत एकदाही सांगितलं नाही. गोळी पुढे गेली असती तरी मी पास होते, पाला पुढे गेला असता तरी पास होते, दोन्ही मागे पडले असते तरी पास होते. जे झालं ते खरं लिहायचं, एवढीच त्यातली परीक्षा होती. आणि त्या एका परीक्षेत तू मला नापास केलंस. मला वाचवायला गेलीस आणि माझ्या हाताने खोटं लिहून घेतलंस, वर हळदकुंकू लावलंस. तुझी आयुष्यभराची समज, चघळून-चघळून जमवलेली, ती तू स्वतःच माझ्याकडून खोटी ठरवून घेतलीस. कुणी सांगितलं होतं तुला हे करायला? एवढी कसली घाई होती स्वतःला हरवायची?

कुणी सांगितलं होतं ते मला माहीत आहे. मीच सांगितलं होतं. एका शब्दात.

आणि अजून एक गोष्ट मला गिळता येत नाही. तू ते सगळं करत असताना तुझ्या सहा सशांना अर्धपोटी ठेवलंस. तू. जिने पोटात बिघाड नको म्हणून टेम्पोभर पाला खड्ड्यात ओतला. दुपारी त्या हिरव्या चिंधीच्या पिंजऱ्यांत जून पानं टाकताना तुझा हात कसा चालला असेल, याचा मी विचार करते आणि मग मला तुझा राग येत नाही, दुसरंच काहीतरी येतं. म्हणून मी तो विचार फार वेळ करत नाही.

पायऱ्यांवरून आम्ही परत आलो तेव्हाही कावळे भिंतीवरच होते. मी काही मोठ्याने बोलले नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे पांगले. मी तुला खोटं सांगणार नाही, की मी मनात कबूल केलं आणि कावळा आला. नाही आला.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. सगळं सांगितलं, तुतीच्या काड्यांसकट. सरांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, मार्क लागून गेलेत, आता कशाला उकरतेस? मी म्हटलं, त्या निष्कर्षावर एक कुंपण तुटलंय, सर. ते म्हणाले, मग जे घडलं ते लिहून दे, पण पुढे तुझ्या मार्कांचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. मी लिहून दिलं. तू असतीस तर मला ते देऊ दिलं नसतंस, हे मला पक्कं माहीत आहे, आणि म्हणूनच मी दिलं.

दादाशी भांडण झालं. मी ओरडले, कुंपण का तोडलंस? तो म्हणाला, "मी काय माझ्या मनानं तोडलं? तू वाचलंस, मी ऐकलं." मग वहिनीने त्यालाही सगळं सांगितलं. तो शेडमध्ये जाऊन सरपंचाच्या पिंजऱ्यासमोर बसून राहिला, कितीतरी वेळ. खोडं मुळासकट काढायला दुसऱ्या दिवशी जेसीबी यायचा होता. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "आठ रविवार देतो. पुन्हा कर. पाला खरंच मागं पडला तर खोडं काढणार, मग रडायचं नाय." मी म्हटलं, "नाही रडणार."

आज पहिला रविवार. खोडांना फुटवे आलेत, पण तेवढ्यात सहा सशांचं भागणार नाही, म्हणून वहिनीने शेजारच्या मळ्यातून शेवगा मागून आणलाय. त्यावर फवारा कधी मारला होता ते मी आधी विचारलं. मग पान चघळलं. कडवट लागलं. मग सरपंचाला दिलं आणि एक दिवस थांबले. चिंध्या त्याच बांधल्यात, हिरवी आणि पिवळी. ससा वहिनीने धरला, मानेला आणि बुडाला. वजन मी घेतलं. दुपारी शेडला कुलूप असतं आणि किल्ली माझ्याकडे असते. तुझ्यामुळे, आत्या. या घरात सशांच्या शेडला कुलूप लावायची वेळ तू आणलीस.

पाला पुढे जाईल की नाही, मला माहीत नाही. तो दुसरा रविवार खरा होता, एवढंच माझ्या हातात आहे. पण आता दोन्ही बाजूंपैकी एकही माझी नाही. पाला मागे पडला तर मी 'मागे पडला' असंच लिहीन, मग तुझं कुंपण मुळासकट जाऊ दे. तुला वाईट वाटेल. वाटू दे. मला पण वाटतंय.

आज वजनाच्या शेजारच्या रकान्यात मी लिहिलंय: 'हिरव्या गटातील तीन नंबरच्या सशाने शेवग्याचे देठ टाकून दिले. पिवळ्या पिंजऱ्यांखाली काड्या आढळल्या नाहीत.' खाली वाकून, हाताने चाचपून, दोनदा बघितलं. आणि मग तिथेच, पिंजऱ्याखाली, गुडघ्यांवर बसून मी रडले. तेही लिहिणार होते, पण रकाना भरला होता.